चौथी रेघ

“दात दे, पण त्यातून निघालेला आकडा घरी सांगू नकोस,” रेणूने बजावलं होतं. मंजूने ते हसण्यावारी नेलं. सासूबाईंचा किडका दात. त्यात लपवण्यासारखं काय असणार?

चार महिन्यांनी रेणूचा फोन आला तेव्हा मंजू पाहुण्यांचा चहा उकळत होती. बाहेरच्या खोलीत सडक अर्जुनीची मंडळी बसली होती, रिंकूला बघायला. रिंकू मंजूची नणंद. सोळा वर्षांची, अकरावीत. सासरे केवळरामजी पाहुण्यांना सांगत होते, “कागदाचं टेन्शन घेऊ नका जी. आधार दुरुस्त होऊन जाते.”

रेणू मंजूची कॉलेजातली मैत्रीण. नागपूरला दातांच्या मुळांवर संशोधन करायची. मुळावर सिमेंटमचा पातळ थर असतो, दाताला जबड्याशी बांधून ठेवणारा. तो जन्मभर वाढत राहतो. वर्षाला एक फिकी, एक गडद अशी रेघांची जोडी, सागाच्या खोडातल्या कड्यांसारखी. बाळंतपण झालं, मोठं दुखणं आलं, तर त्या वर्षाची रेघ वेगळी दिसू शकते. रेणू तेच तपासत होती. आमगावच्या दवाखान्यात सुमित्राबाईंचा सुळ्यामागचा दात काढला, तेव्हा “घेऊन जाय, मले काय कामाचा?” म्हणत त्यांनी तो सुनेच्या हातावर ठेवला. सोबतचा फॉर्म मंजूने भरला. वय बावन्न. मुलं दोन. पहिल्या बाळंतपणी वय एकोणीस. घरात सगळे सांगत तेच तिने लिहिलं. विचारलं कुणालाच नाही.

“फॉर्म चुकलाय,” रेणू म्हणाली. “रेघांच्या जोड्या सदतीस आहेत. हा दात दहाव्या वर्षाच्या आसपास येतो. म्हणजे तुझ्या सासूबाई सत्तेचाळीसच्या.”

“मोजण्यात चूक होते ना?”

“होते, वर्ष-दोन वर्षांची. पाचांची नाही. आणि वेगळ्या रेघा दोनच आहेत. चौथी आणि एकविसावी. मधे सतरा वर्षं.”

मंजूचा नवरा वीरेंद्र तेहतीसचा. रिंकू सोळाची. मधे सतराच. मंजूने गॅस बंद केला.

चौथी रेघ. दात येऊन चारच वर्षं झाली होती. दारात तिची नीतू उभी होती, सहा वर्षांची, पडलेल्या दाताच्या फटीत जीभ घालत. तिला तो दात यायला अजून चार वर्षं. त्यापुढे आणखी चार. मंजूने मोजणं तिथेच थांबवलं.

आतल्या खोलीत सुमित्राबाई रिंकूच्या साडीच्या निऱ्या घालत होत्या. रिंकू रडत होती.

“पुस डोळे. मी अठराची आली या घरी. दोन वर्षांनं काय फरक पडते?”

“आई,” मंजू म्हणाली, “तुमचा दात सांगतो, तुम्ही अठराच्या नव्हत्या.”

सुमित्राबाई आधी हसल्या. “दातावर काय जन्मतारीख लिहिली राह्यते?” मंजूने बोटांवर मोजून दाखवलं. दोन लेकरांमधलं अंतर बरोबर जुळलं, तशा निऱ्या त्यांच्या हातातून सुटल्या.

“माही सासू बुढी म्हणे, अठराची घोडी झाली अन् मायसाठी रडते,” त्या हळू म्हणाल्या. “विहिरीवरून दोन गुंड भरून पाणी डोक्यावर आणता नाही ये मले. वीरेंद्रच्या वेळी तीन दिवस लागले. मंग सतरा वर्षं कूस नाही भरली. सारे म्हणत, कामचोर आहे, नुसती नाजूक. मलेबी तसंच वाटे. एवढी मोठी असून जमत नाही, म्हंजे माह्यातच खोट आहे.” त्यांनी मंजूकडे वळून विचारलं. “किती वर्षाची होती मी?”

“तेराव्या वर्षी आलात. चौदाव्यात वीरेंद्र.”

“मंग मी लेकरूच होती ना वं.”

त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि बाहेरच्या खोलीत गेल्या. “पोरगी दाखवाची नाही,” त्या पाहुण्यांना म्हणाल्या. “चहा घ्या अन् निघा.”

“काऊन?” केवळरामजी उठले. “डोकं फिरलं का तुह्यं?”

“नाही जी. चौतीस वर्षांनं ठिकाणावर आलं.”

पाहुणे गेले. केवळरामजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सासू-सून धान चुरायला, मळणी करायला, शेतातल्या बांधीवर गेल्या. परतल्या तेव्हा रिंकूचं दप्तर खुंटीला होतं. रिंकू नव्हती.

“चोरखमाऱ्याला सोडून आलो, तिच्या आत्याकडं,” केवळरामजी म्हणाले. “आठ दिवस राहील.”

आज विसावा दिवस. फोन आत्याच उचलते. रिंकू आंघोळीला गेली असते, नाहीतर झोपलेली असते, भर दुपारीसुद्धा. सुमित्राबाई स्वतः जाऊन आल्या. उंबऱ्यावरच कळलं, पोरगी वावरात गेली आहे. कोणत्या वावरात ते कुणी सांगितलं नाही. वीरेंद्र म्हणतो, घरची गोष्ट घरात राहू दे. मंजूने चाइल्ड हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ती फोन उशाशी घेऊन झोपते.

तुमचं चोरखमाऱ्याच्या तलावाकडे येणं-जाणं असेल, तर मंजूचं एक ऐका. रिंकूच्या आत्याचं, प्रेमिलाबाईंचं घर विचारा. प्यायला पाणी मागा. पोरगी मजेत आहे असं सांगतील. निघू नका. तिला बाहेर बोलवा, आणि कशी आहेस ते तिच्याच तोंडून ऐका.