मधल्या खोलीचा होकार

आमच्या प्रयोगशाळेत पहिल्या खोलीतल्या प्रकाशकणाची अवस्था तिसऱ्या खोलीत माझ्याकडे पोहोचायची, पण मधल्या खोलीत मोजमाप करणाऱ्या ताईंचा होकार माझ्या पडद्यावर आल्याशिवाय ती मला वाचता येत नसे.

माझी चूक मी ताईंच्या माथी मारली. त्या हूं की चूं न करता नोकरी सोडून गेल्या. त्यांची खोली रिकामी झाली. तिथून होकार आणणारी केबल मीच कापली.

आज सर म्हणाले, "ताईंशिवाय प्रयोग चालवून बघू."

काही येणार नाही, हे मला ठाऊक होतं. पडद्यावर मात्र लागोपाठ होकार येत राहिले.

"बघ, काही अडलं का? चूक त्यांचीच होती ना?"

जमिनीकडे बघत मी मान डोलावली.

पडद्यावर 'नाही' उमटलं.

होकाराखेरीज दुसरा शब्द आम्ही त्या यंत्रात कधी घातलाच नव्हता.