खुर्चीचा मानकरी

“कुठं चाललोय रे आपण?” तेगायमामानं चौथ्यांदा विचारलं.

“त्रेलेवला, मामा. कवितांच्या मेळाव्याला.”

“अरे वा! यंदा खुर्ची कुणाला?”

दिल्विननं नुसता गिअर बदलला. पहिल्या आलेल्या कवीला मेळाव्यात मानाची खुर्ची मिळते, आणि यंदा ती त्यालाच मिळणार होती. जिंकणाऱ्यानं सभागृहात हजर असावं म्हणून आधी गुपचूप निरोप येतो, तसा तो आला होता. कविता टोपणनावानं पाठवायची आणि खरं नाव बंद पाकिटात घालायचं, अशी रीत. टोपणनाव होतं ‘पाहुणा’. पाकिटात नाव होतं दिल्विनचं. आणि कविता होती शेजारी बसलेल्या या म्हाताऱ्याची.

दोन हिवाळ्यांपूर्वी मामी गेली. मामाची नजर अधू, म्हणून तो चुलीपाशी बसून एकेक ओळ सांगत गेला आणि दिल्विननं ती वहीत उतरवून घेतली. पुढं मामाचं डोकंच रिकामं होत गेलं. आधी तो कविता विसरला, मग मामी गेल्याचंही विसरला. वही दिल्विनकडेच राहिली. दिल्विन शाळेत वेल्श, म्हणजे वाडवडिलांनी समुद्रापलीकडून आणलेली भाषा, शिकवायचा. चौदा वर्षं तो स्वतःच्या कविता पाठवत होता आणि चौदा वर्षं परीक्षकांचा एकच शेरा येत होता: वृत्त निर्दोष, बाकी काही नाही. पंधराव्या वर्षी त्याची मती फिरली.

त्याच्या बायकोची, नेलिदाची, इस्पितळात कामाची पाळी होती. घरी मामाला सांभाळणार कोण? म्हणून त्याला सोबत घ्यावं लागलं होतं.

त्रेवेलिन हे आमचं गाव सोडलं की सहाशे किलोमीटर नुसतं खुरटं माळरान आणि वारा. वारा पिकअपचं दार खडखडवत होता. चोराच्या मनात चांदणं! दिल्विनला राहवेना. मामाला खरंच काही आठवत नाही ना, हे एकदा बघायचंच होतं. त्यानं सहज म्हटल्यासारखं म्हटलं:

“वारा दार वाजवतो, मी उठत नाही.
तू असतीस तर म्हणाली असतीस,
बघा तरी, कुणी पाहुणं असेल.”

मामानं त्याच्याकडे मान वळवली.

“कुणी लिहिलं रे हे?”

खरं बोलून टाकायला याहून बरी वेळ नव्हती. ऐकायलाही कुणी नव्हतं, कुंपणापलीकडे चरणारे दोन ग्वानाको सोडले तर.

“मी,” दिल्विन म्हणाला.

मामानं बाहीनं डोळे पुसले. “तुझी बायको गेली? कधी रे? मला एका शब्दानं कुणी सांगितलं नाही!”

“तसं नाही मामा, ते आपलं...”

“गप. आवंढा गिळू नकोस. रडायचं तर रड. माझ्यापुढं कसली लाज?”

लाजच तर वाटत होती. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं दिल्विनला झालं. मामानं पायाशी ठेवलेला डबा उघडला. नेलिदानं सकाळीच बांधून दिलेला काळा केक होता तो. त्यातला मोठा तुकडा त्यानं दिल्विनच्या तोंडापुढं धरला. “खा. उपाशी पोटी दुःख जास्त चावतं.” दिल्विननं तो कसाबसा गिळला. उरलेला सगळा रस्ता मामा मधूनमधून त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. कुठं चाललोय हे तो आणखी सहा वेळा विसरला. हे मात्र विसरला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ‘पाहुणा’ असा पुकारा झाला, तुताऱ्या वाजल्या आणि दिल्विन उठला. मंचापर्यंत कसा पोचला, त्याचं त्यालाच ठाऊक. त्याला खुर्चीत बसवलं. डोक्यावर म्यानातून अर्धी उपसलेली तलवार धरली गेली. आता प्रमुखानं तीनदा विचारायचं, सभेनं तीनदा उत्तर द्यायचं, मग तलवार पुरती म्यान करायची. कुणाची हरकत असेल तर ती तेव्हाच सांगायची. कुणी कधी सांगितल्याचं आमच्याकडे तरी कुणाला आठवत नाही.

“शांतता आहे का?”

“आहे!” सभा गरजली. पहिल्या रांगेतून मामाचा आवाज सगळ्यांच्या वर.

“शांतता आहे का?”

“आहे!” मामा आता उभाच राहिला होता. दिल्विनकडे बघून मान हलवत होता, धीर देत होता.

“शांतता आहे का?”

“नाही,” खुर्चीतून आवाज आला. “कविता माझी नाही. चोरलीय मी ती. ती तेगायमामाची आहे.”

तलवार तशीच अर्धी राहिली. मागून कुणीतरी “शी!” म्हणालं, मग आणखी कुणीतरी. बघता बघता गलका झाला. मामानं दोन्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“रागावू नका हो पोरावर,” तो म्हणाला. “भान नाही त्याला. नुकतीच बायको गेलीय त्याची.”