मधल्या भिंतीवरचा ठिपका

स्वतःच्या गुणांविषयी मौन पाळावे, हे सज्जनाचे भूषण होय. परंतु त्याच मौनामुळे एखाद्या माणसाचे पाऊल गावाबाहेर पडू लागले, तर मौन राखावे की माणूस राखावा, हे ज्याचे त्याला ठरवावे लागते. देवणी तालुक्यातील एका गावी, मठाच्या ओसरीवर चार म्हाताऱ्यांसह बसलेल्या वृद्ध शंकरप्पांवर ती वेळ आली.

उदगीरहून नोंदणीसाठी आलेली दामिनी सकाळपासून घरोघर फिरून ओसरीवर परतली होती. कोणत्या गावात कोणते कसब, कोणते जनावर, कोणते अवजार आहे, याचा जिल्ह्याचा नकाशा सिद्ध होत होता आणि तो पाहूनच नव्या सामाईक कार्यशाळेची जागा ठरणार होती. नकाशा आज संध्याकाळी लातूरला जायचा होता. तिच्या हातातील टॅबवर आसपासच्या गावांवर हिरवे ठिपके उमटले होते. हे गाव तेवढे कोरे होते.

"अज्जा, घरोघरी एकच उत्तर," ती म्हणाली. "'आमच्याकडं काय हाय माय? काहीच न्हाई.'"

"मग काय सांगावं लोकांनी?" शंकरप्पा म्हणाले. "आपल्या तोंडानं आपलं चांगलं सांगितलं की नजर लागते. गाय आटते, हातातली कला जाते. माझ्या आज्यानं सांगितलं न्हाई, मी बी सांगणार न्हाई."

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, खांबाला टेकून श्रीमंत बसला होता. वय चाळिशीचे, मनगटांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग. तो भंगारातून अवजारे घडवी. त्याच्या आणि शंकरप्पांच्या घरात एकच भिंत; पण गेल्या पोळ्यापासून दोघांत अबोला. मिरवणुकीत पहिला मान शंकरप्पांच्या बैलजोडीचा. त्या दिवशी श्रीमंतने स्वतः घडविलेल्या पेरणीयंत्रावर झूल घातली, पुढे घुंगरमाळ बांधली आणि ते यंत्र धडधडत जोडीच्या पुढे काढले. सारे गाव हसले होते. शंकरप्पा हसले नव्हते.

"श्रीमंतदादा, तुमच्या शेडचं तरी लिहू?" दामिनीने विचारले.

"भंगार हाय ताई. ते बी इकायलोय. सोमवारी चाकणला जातो, कारखान्यात. इथं हाताला पुरतं काम न्हाई."

शंकरप्पा हे प्रथमच ऐकत होते. दिवसभर भिंतीपलीकडून हातोड्याचे ठोके येत आणि दिवसभर ते त्या ठोक्यांना शिव्या देत. सोमवारपासून शिव्या कोणाला द्याव्यात, हे त्यांना उमगेना.

दामिनीने टॅब मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "अज्जा, आपलं सांगितलं तर नजर लागते. शेजाऱ्याचं सांगितलं तर?"

ओसरीवरच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. याविषयी कोणाच्याच आज्याने काही सांगून ठेवलेले नव्हते.

"मग तुमच्या शेजाऱ्याचं सांगा," दामिनी म्हणाली.

कोणीतरी खाकरले. श्रीमंतने मान वळवून रस्त्याकडे पाहिले. शंकरप्पांनी डोक्याचा रुमाल सोडला, झटकला आणि पुन्हा बांधला.

"लिही," अखेर ते म्हणाले. "गावातल्या समद्या बैलांच्या खांद्याला जुवाचे घट्टे हायत. माझ्या जोडीला न्हाईत. ह्या गाढवानं जू करून दिलं व्हतं, बैल वळला की संगं वळणारं. पोळ्याला लोक माझ्या बैलांचे खांदे बघून मला शाबासकी देतात. मी घेतो आन् घरी नेतो. भिंतीपल्याड कधी दिली न्हाई."

रुमालाचे टोक त्यांनी कानामागे खोचले. मग एका दमात म्हणाले, "आन् ते मशीन. गल्लीतल्या केवळाबाईच्या दारात बैल न्हाई. तिचं सोयाबीन त्यानंच पेरलं. हे बी लिही. ते पोळ्यात पुढं पळालं, तेवढं लिहू नको."

ओसरी हसली. श्रीमंत मात्र हसला नाही. तो उठून जवळ आला.

"ताई, आता माझा शेजारी लिहा. पंचक्रोशीत कुठंबी देखणं वासरू दिसलं, तर त्याचं मूळ अप्पांच्या दावणीला निघतं. आन् ते जू मला असंच सुचलं न्हाई. भिंतीवरून रोज त्यांच्या बैलांचे खांदे बघायचो."

मग ओसरीवर एकच गलका उसळला. ज्याला त्याला शेजाऱ्याविषयी सांगायचे होते. दामिनीची बोटे पुरेनात.

"अज्जा, तुमच्या दोघांचा ठिपका कुणाच्या घरावर लावू?"

"मधल्या भिंतीवर लाव." शंकरप्पा श्रीमंतकडे वळले. पोळ्यानंतर प्रथमच. "आन् तू रं? चाकणला गेलास तर मशीनला झूल कोण घालणार?"

"कार्यशाळेचं अजून कुठं ठरलंय, अप्पा?"

"ठरंल तवर जू कर. घट्टे पडलेले खांदे लई हायत. मी सांगतो गावोगाव. पर पोळ्याला मशीन जोडीच्या मागं. मागं!"

"हाव अप्पा. मागं."

शंकरप्पांना जेवायला बोलावण्यासाठी आलेल्या पार्वतम्मा हे सारे पायरीवर उभ्या राहून ऐकत होत्या. एवढी स्तुती एका दुपारी त्या गावात कधी उच्चारली गेली नव्हती. लगबगीने त्या मठाच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि मूठभर मीठ, लाल मिरच्या घेऊन आल्या. प्रथम श्रीमंतवरून मूठ उतरवली, मग पतीवरून. नंतर त्या दामिनीसमोर थांबल्या.

"ते धर वर."

दामिनीने दोन्ही हातांनी टॅब उचलून धरला. पार्वतम्मांनी हिरव्या ठिपक्यांनी भरलेल्या आपल्या गावावरून मूठ ओवाळली. मग डोळे बारीक करून त्यांनी पाहिले.

"भवतालची ही कुणाची गावं?"

"आपल्याच जिल्ह्यातली, अव्वा."

"मग त्यांनी काय घोडं मारलंय?" असे म्हणून पार्वतम्मांनी मूठ पुन्हा उचलली आणि साऱ्या जिल्ह्यावरून सावकाश फिरवली.

"घरच्याची, दारच्याची, कुणाचीच न लागो. समद्यांचं बरं होऊ दे."