गडगडाट चालू असताना

ढग गडगडले की मृदुला सासऱ्यांच्या ऑक्सिजन मशीनचा प्लग काढायची. मागच्या ऑक्टोबरात वीज तारेतून घरात शिरली आणि आधीचं मशीन जळून गेलं होतं. तेव्हापासून वादळ सरेपर्यंत अण्णा धापा टाकत बसायचे.

शेवटी तिने वायरमन इक्बालभाईंना बोलावलं. त्यांनी अर्थिंग केलं आणि मीटरशेजारी सर्ज प्रोटेक्टर बसवला. "झटका आला तर हा जमिनीत सोडेल. स्वतः जळेल, पण मशीन वाचेल."

आज दुपारी आभाळ भरून आलं. सवयीने तिचा हात प्लगकडे गेला.

"नको काढूस," अण्णा म्हणाले.

"हेही जळलं तर?"

"जळू दे. पण तोवर मला श्वास घेऊ दे."

तिने हात मागे घेतला. थोड्याच वेळात मागच्या माडावर वीज कोसळली. मशीन चालूच राहिलं, पण प्रोटेक्टरचा हिरवा दिवा विझला होता. तिने इक्बालभाईंना फोन लावला.

"त्याने काम केलं. आता नवा बसवेपर्यंत प्लग काढून ठेवा," ते म्हणाले.

बाहेर अजून गडगडत होतं. अण्णांची छाती संथपणे वरखाली होत होती.

"तुम्ही लवकर या," मृदुला म्हणाली. प्लग तिने तसाच ठेवला.