दिवसाला सहा कप

"दिवसाला किती कॉफी होते?" डॉक्टर नम्रता यांनी विचारलं.

आमोदचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. शेजारी बसलेल्या अस्मिताने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, तरी तो थांबेना.

"सहा. कधी सात. ऑफिसात मशीनच आहे, फुकट."

"आणि डोकं कधी दुखतं?"

"सोमवार ते शुक्रवार," अस्मिताच म्हणाली. "दुपारपासून ठणकायला लागतं म्हणे. घरी आला की दिवे मालवून पडून राहतो. शनिवार-रविवारी मी दोन वेळा कडक कॉफी देते, तेव्हा ठणठणीत!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे उलटंच झालं. इतकी कॉफी पिणाऱ्याने ती अचानक सोडली, की डोकं धरतं. तुमचं भरपूर पिऊन दुखतंय आणि कमी केली की थांबतंय. मध्ये सोडली होती का?"

"नाही."

"सांग ना रे, जे असेल ते," अस्मिता म्हणाली.

"नाही म्हटलं ना एकदा!"

"मग कॉफी निर्दोष सुटली," डॉक्टर कोरडेपणाने म्हणाल्या. "मेंदूचा स्कॅन करून घेऊ. उद्या दुपारीच."

स्कूटरवरून दोघं शनिवार पेठेत घरी आली. आमोदच्या कपाळाची शीर उडत होती. घरात आल्यावर तो नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिला. स्कॅनमध्ये काही निघणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

जेवताना त्याने घास खाली ठेवला. "अस्मिता..."

ती थांबली. वाट बघत राहिली.

"मीठ दे जरा."

तिने मीठ पुढे सरकवलं.

सकाळी साडेआठला तो नेहमीसारखा इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून निघाला. अस्मिता दारात आली. तिने डब्याशेजारी एक थर्मास कोंबला.

"कॉफी आहे. स्कॅन मी रद्द केलाय."

"अगं, पण कॉफी कशाला? ऑफिसात..."

अस्मिताने बॅगेची चेन लावली.

"महिनाभर तू जाऊन बसतोस त्या वाचनालयात कॉफी मिळत नाही, आमोद, नोकरी गेली हे मला नाही तर नाही, निदान डॉक्टरांना तरी सांगायचं होतंस."