काठ रिकामा आहे

जेवणाची सुट्टी संपायच्या आतच माशीने कन्सोल सुरू केला. ऑफिसात तिला माशीच म्हणत. गेम बाजारात जाण्याआधी त्यातल्या चुका हुडकणं हे तिचं काम, आणि तिने चूक काढली की सगळे कपाळाला हात लावून म्हणत, शिंकली माशी. आज मात्र ती शिंकू नये म्हणून अख्खं ऑफिस देव पाण्यात घालून बसलं होतं.

गेम नदीचा होता. त्यात आधी एक नावाडीण होती. तिला आवाज आणि चाल दिली होती माशीच्या थोरल्या बहिणीने. कॅमेऱ्याने चाल टिपावी म्हणून अंगभर ठिपके चिकटवून ताई स्टुडिओत दिवसचे दिवस चालली, आणि काम अर्धवट असतानाच आजारात गेली. कंपनीने मग नावाडीण काढूनच टाकली. तरी गेम पीसीवर आला आणि पैलतीरावर एक बाई फिरताना लोकांना दिसू लागली. उजवं पाऊल घट्ट टाकायची, डावं ओढायची. ती चाल कुणाची, हे माशीला कुणी सांगायला नको होतं.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. पीसी म्हणजे धर्मशाळा. कुणीही यावं, गेमच्या फायली उघडाव्यात, हवं ते घुसडावं, वर फुकटात वाटावं. ही बाईसुद्धा कुणा खेळाडूचाच चावटपणा. खेळाडू शपथेवर सांगत की बाई आम्ही आणली नाही. त्यांनी फक्त तिच्यासाठी काठावर एक बाक आणून ठेवला होता, आणि त्यावर छप्पर. ती तिथे बसायची. रोज संध्याकाळी घरी माशी आपली होडी त्या काठाला लावून तिच्याकडे बघत राही. तेवढा वेळ तिला ताई गेल्यासारखी वाटत नसे.

आज सकाळी पीसीवरचा गेम बंद झाला. तो कंपनीच्या यंत्रांवरून चालायचा, त्यामुळे तिथे बटण दाबलं आणि घरोघरी तो बंद पडला. उद्यापासून फक्त कन्सोल, टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र. तिथे एकदा प्रतीवर शिक्का बसला की खेळणाऱ्याला गवताची काडीही इकडची तिकडे करता येत नाही. पैसे टाकावेत, सोफ्यावर बसावं, खेळावं. साहेबांना असलेच खेळाडू आवडत. कन्सोलवरही ती बाई दिसली तर लगेच सांग, मुळापासून खरवडून काढू, असं त्यांनी माशीला बजावलं होतं. त्या बाईची बहीण आपल्यासमोरच उभी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि माशीनेही ते सांगितलं नाही.

तिने होडी पैलतीराला लावली. काठ रिकामा होता. बाक नाही, छप्पर नाही, बाई नाही. नुसती वाळू. काम चोख झालं होतं, आणि माशीला रडू येत होतं.

तेवढ्यात हातातला कंट्रोलर थरथरला. त्याच्या दोन्ही मुठींत छोट्या मोटारी असतात. गेममध्ये होडी कुठे धडकली की त्या हाताला हिसका देतात. इथे काहीच धडकलं नव्हतं. उजव्या मुठीत एक ठोका आला. मग डाव्या मुठीत काहीतरी घासत गेलं. पुन्हा उजवीकडे ठोका, डावीकडे घासणं. आधी पुसट, मग जवळ, मग इतकं जवळ की मनगटापर्यंत पोहोचलं. तिथे ते थांबलं. पडद्यावरच्या वाळूत एकही पाऊल उमटलं नव्हतं.

माशीने हात काढला नाही.

"ताई?" ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

दोन्ही मुठी हलकेच थरथरल्या.

"काय गं, शिंकलीस का?" प्रोग्रामर पाठीमागे येऊन उभा होता. शिक्का त्यालाच मारायचा होता.

खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्याने ताईला पुसून टाकलं असतं. माशीच्या डोक्यात तेवढंच आलं. शिक्का बसला की निदान तिला कुणी हात तरी लावणार नाही.

"काठ रिकामा आहे," ती म्हणाली. "काही नाही."

तो हुश्श करत आपल्या जागेवर गेला, शिक्का मारला आणि तीच प्रत माशीच्या कन्सोलवर चढवून दिली. शेवटचं एकदा बघून घे म्हणाला. साहेब केबिनमधून बाहेर आले, सगळ्यांशी हात मिळवत फिरले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तू कुणाचं वाटोळं केलं नाहीस, असं माशीला हसत म्हणाले. सगळे हसले. तीही हसली.

"आता आपल्यालाही सहजासहजी उघडता येणार नाही," प्रोग्रामर खुर्चीत रेलून म्हणाला. "आतलं आत, बाहेरचं बाहेर."

माशीने पुन्हा होडी हाकली. तोच काठ, तीच वाळू. उजवी मूठ, डावी मूठ. पण आता पावलं तिच्याकडे येत नव्हती. ती लांब जात, थबकत, माघारी फिरत, दुसऱ्या अंगाला जाऊन पुन्हा थबकत. ओढणारं पाऊल धावू बघत होतं. मग एकदम दोन्ही मुठी मिळून हादरू लागल्या, बाहेरून कडी लावलेल्या दारावर आतून कुणी तळहात आपटावेत तशा.