उंबऱ्याला चापट

"आजी, हिनं आज पुन्हा एकाला मारलं. उद्यापासून पाठवू नका," बालवाडीच्या बाई म्हणाल्या.

घरी येताच द्वारकाबाईंनी नातीला जवळ घेतलं. "का गं मारलंस?"

"माझा डबा सांडला."

"त्यानं सांडला?"

"नाही. तो शेजारी बसला होता."

द्वारकाबाईंना हसू आलं. सून मात्र हसली नाही. दंडावरचा काळानिळा डाग पदरानं झाकत ती म्हणाली, "आई, काल ह्यांची गाडी सुरू होत नव्हती. मी शेजारी उभी होते."

द्वारकाबाईंची नजर उंबऱ्याकडे गेली. मुलगा लहानपणी पडला, की त्या उंबऱ्याला चापट मारायच्या, "हत् रे! बाळाला पाडतोस?" एकदा तेवढ्यानं त्याचं रडं थांबेना, म्हणून त्यांनी थोरल्या लेकीच्या पाठीत उगीच धपाटा घातला. ती कळवळली. तो मात्र खुदकन हसला होता.